अळीचा किडा होईपर्यंत: परसबागेतील अनोळखी कीटक ओळखण्याच्या नोंदी

बाग लहान आहे. वीस-बावीस कुंड्या, एक वाफा आणि कुंपणालगत बडीशेपेची एक ओळ, एवढेच. या बागेत दिसणाऱ्या प्रत्येक किड्याचे नाव शोधायचे असे ठरवून या नोंदी ठेवल्या. हेच काम हाती घेणाऱ्यांना त्यातल्या चुका तरी उपयोगी पडाव्यात, म्हणून त्या आहेत तशाच देत आहे. मागाहून घातलेला मजकूर कंसात आहे.

४ नोव्हेंबर

जास्वंदीच्या शेंड्यांवर आठवडाभर पिठ्या ढेकूण दिसत होता. आज साबणाचे पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन तीन फांद्या स्वच्छ केल्या. काही ढेकूण बाकीच्यांच्या तिप्पट लांब होते आणि त्यांच्या पाठीवर कापसासारखे लांब, कुरळे झुबके होते. ते पूर्ण वाढलेले, म्हणजेच सर्वांत जास्त पिल्ले घालणारे असावेत असे समजून आधी तेच वेचले. अकरा निघाले आणि अकराही साबणाच्या पाण्यात टाकले.

हे करताना शेजारच्या चवळीवर आणखी चार-पाच प्रकारचे किडे दिसले आणि त्यांपैकी मावा सोडला तर एकाचेही नाव सांगता येईना. त्यामुळे आजपासून एक नियम केला आहे: नाव ठरल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही आणि कशावरही फवारायचे नाही. (त्या अकरांविषयी १४ डिसेंबरची नोंद पाहावी.)

६ नोव्हेंबर

त्रेचाळीस छायाचित्रे काढली. त्यांतली सहाच कामाची निघाली. बहुतेक वाऱ्याने पान हलल्यामुळे बिघडली, काहींमध्ये फोनने किड्याऐवजी मागच्या मातीवर लक्ष केंद्रित केले होते आणि जी स्वच्छ आली ती सगळी वरून घेतलेली होती. वरून घेतलेल्या छायाचित्रात रंग आणि ठिपके दिसतात, परंतु पाय, तोंड आणि पोटाची बाजू दिसत नाही, आणि ओळख तर तिथेच दडलेली असते.

आता पद्धत बदलली आहे. फांदीला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने एका काठीशी जखडतो, मागे पांढरा कागद धरतो आणि उन्हाऐवजी सावलीत, सकाळी किडे सुस्त असताना छायाचित्रे घेतो. प्रत्येकाची चार छायाचित्रे काढायची: वरून, बाजूने, समोरून आणि शक्य झाल्यास खालून. शेजारी मोजपट्टी हवीच, कारण तीन मिलिमीटरचा आणि तेरा मिलिमीटरचा किडा पडद्यावर सारखेच दिसतात. त्याखाली वहीत चार गोष्टी लिहायच्या: झाड कोणते, पानाची वरची बाजू की खालची, वेळ, आणि किडा काय करत होता. यांतली शेवटची गोष्ट पहिले दोन दिवस लिहिलीच नाही, आणि ते दोन्ही दिवस वाया गेल्यासारखेच आहेत.

महागड्या भिंगाची गरज पडली नाही. दहापट मोठे दाखवणारे हातातले साधे भिंग पुरते, मात्र ते डोळ्याला जवळजवळ टेकवून धरावे आणि पान भिंगाच्या दिशेने अडीच सेंटिमीटरपर्यंत आणावे. भिंग पानाजवळ धरून दुरून पाहण्याची आपली सवय मोडायला मला तीन दिवस लागले.

१० नोव्हेंबर

फोनमधील ओळख सांगणाऱ्या एका ॲपला चवळीवरच्या एकाच अळीची तीन छायाचित्रे दिली आणि तीन निरनिराळी नावे मिळाली. तीनही निरनिराळ्या गणांतली. आधी दोष छायाचित्रांचा वाटला, परंतु त्याच ॲपने बडीशेपेवरची प्रौढ गांधीलमाशी आणि कुंपणावरचा चतुर पहिल्याच प्रयत्नात बरोबर ओळखला.

वही उलटून पाहिली तेव्हा कारण लक्षात आले. आतापर्यंत नोंदवलेल्या सव्वीस प्राण्यांपैकी एकोणीस अळ्या, पिल्ले, अंडी किंवा कोष आहेत. माणसाला बागेत भेटतो तो बहुधा किड्याचा लहानपणीचा अवतार, आणि चित्रे पाहायला मिळतात ती प्रौढांची. या दोहोंत रूपाचे बहुतेकदा काहीही साम्य नसते. म्हणून छायाचित्रावरून नाव शोधण्यापेक्षा अळी सांभाळून तिचा किडा होईपर्यंत थांबावे, असे मनात येत आहे.

१५ नोव्हेंबर

दोन ठिकाणी पिवळ्या अंड्यांचे पुंजके सापडले. एक चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर, माव्याच्या वसाहतीलगत. दुसरा वांग्याच्या पानाखाली. दोन्हींतली अंडी लांबट आणि पानावर उभी चिकटवलेली. अशी उभी पिवळी अंडी लेडीबर्ड भुंगेऱ्याची, म्हणजे मावा खाणाऱ्या ढालकिड्याची असतात असे वाचले होते, त्यामुळे आनंदाने दोन्ही पुंजके राखले आणि वांग्याच्या त्या पानाला दोरा बांधून खूण केली.

२३ नोव्हेंबर

चार वांग्यांपैकी दोन झाडांची पाने गेली. राखलेला पुंजका एपिलॅक्ना भुंगेऱ्याचा होता. हाही लेडीबर्डच्याच कुळातला, त्यामुळे अंडी सारखी असणे स्वाभाविक आहे. फक्त हा पाने खातो. अळ्यांनी पानाचा हिरवा गर खरवडून शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवली आहे. उजेडासमोर धरले तर पान जुन्या लेसच्या तुकड्यासारखे दिसते.

दोन्ही अळ्या शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या, तेव्हा पुन्हा कधी घोटाळा होईल असे वाटत नाही. चवळीवरची अळी काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची आहे. सहाही पाय बाहेर काढून सारखी भटकते आणि भेटेल तो मावा पकडते. वांग्यावरची पिवळी आणि मंद आहे, तिच्या अंगभर फांद्या फुटलेले काटे आहेत आणि ती पानाखाली एका जागी बसून खाते. प्रौढांतही फरक दिसतो: मित्र ढालकिडा गुळगुळीत आणि चकचकीत असतो, एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असल्याने तो मळकट, बिनचमकीचा दिसतो. माझ्याकडच्या एपिलॅक्नाच्या दोन्ही पंखांवर मिळून अठ्ठावीस ठिपके आहेत, परंतु ठिपके मोजण्यापेक्षा लव पाहणे सोपे.

अंड्यांवरून मात्र निर्णय करू नये. अंड्यांच्या शेजारी मावा आहे की फक्त पान आहे, एवढे जरी पाहिले असते तरी दोन झाडे वाचली असती.

२६ नोव्हेंबर

पाळण्याची व्यवस्था सुरू केली. रुंद तोंडाच्या सात काचेच्या बरण्या, झाकणांना भोके, आत पाने. जास्वंदीवर पुन्हा एक तसाच कापसाच्या मोठ्या झुबक्यांचा ढेकूण दिसला. नियमाप्रमाणे त्याला न मारता ढेकणांनी भरलेल्या काडीसह बरणी क्रमांक ३ मध्ये ठेवले.

३० नोव्हेंबर

चार दिवसांत सातांपैकी चार बरण्यांतले प्राणी मेले. कारणे शोधून काढली ती अशी. झाकणाची भोके पुरेशी नव्हती आणि पानांतून निघालेल्या वाफेचे थेंब काचेवर साचून अळ्या त्यांना चिकटल्या. खिडकीत ठेवलेल्या बरणीवर दुपारी ऊन आले आणि आतली अळी भाजली. एका बरणीत पाने ताजी राहावीत म्हणून पाण्याची वाटी ठेवली होती, तिच्यात अळी बुडाली. चौथ्या बरणीत क्रायसोपा या जाळीपंखी किड्याच्या दोन अळ्या एकत्र ठेवल्या होत्या. सकाळी एकच होती आणि ती चांगली फुगलेली होती. या अळ्या मावा खातात तशा एकमेकींनाही खातात.

दुरुस्त्या केल्या. झाकणाऐवजी सुती कापड आणि रबर. तळाला टिपकागद, तो रोज बदलायचा, कारण विष्ठेवर बुरशी धरते. डहाळीचा देठ औषधाच्या लहान बाटलीत ठेवून बाटलीचे तोंड कापसाने घट्ट बंद करायचे, म्हणजे पान टवटवीत राहते आणि अळी बुडत नाही. एका बरणीत एकच प्राणी. बरण्या उत्तरेच्या भिंतीला, उजेड असलेल्या पण ऊन न येणाऱ्या जागी. रोजचे काम वीस मिनिटांचे आहे आणि ते एक दिवसही चुकवता येत नाही.

१४ डिसेंबर

बरणी क्रमांक ३ चा निकाल लागला, आणि ही नोंद लिहिताना मन फार खट्टू झाले आहे.

पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट खटकली होती. काडीवरचे ढेकूण रोज कमी होत होते आणि मोठा झुबकेदार ढेकूण मात्र वाढत होता. २९ तारखेला त्याला ब्रशच्या केसांनी उलटा केला तेव्हा खाली सहा धडधाकट पाय आणि चावणारे तोंड दिसले. पिठ्या ढेकणाचे तोंड सुईसारखे असते आणि ते सालीत खुपसून तो बसून राहतो. हा प्राणी उलटा पडताच भराभर सरळ होऊन चालू लागला. ४ डिसेंबरला तो टिपकागदाच्या घडीत स्थिर झाला आणि आज त्या पांढऱ्या आवरणातून चार मिलिमीटरचा एक भुंगेरा बाहेर आला. पाठ काळी, डोके आणि मागचे टोक तांबूस नारिंगी.

तो क्रिप्टोलीमस आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा ढालकिडा पिठ्या ढेकूण खातो, आणि त्या कामासाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निरनिराळ्या देशांत मुद्दाम नेऊन सोडला गेला आहे. त्याची अळी अंगावर ढेकणासारखेच मेणाचे धागे वाढवते, फक्त ते जास्त लांब असतात. ४ नोव्हेंबरला साबणाच्या पाण्यात टाकलेले अकरा ते हेच होते. जास्वंदीवर ढेकूण तेव्हापासून दुपटीने वाढला, त्याचेही कारण आता उघड आहे.

ओळखायची खूण पुन्हा लिहून ठेवतो. झुबका दिसला की काडीच्या टोकाने हलकेच डिवचावे. जागेवर राहिला तर ढेकूण. पाय उचलून निघाला तर त्याला सोडून द्यावे. नवा भुंगेरा दुपारी जास्वंदीवर सोडला.

१९ डिसेंबर

मुळ्याच्या पानांना कडेपासून आत भोके पडली आहेत. हिरवट काळ्या, सुरकुतलेल्या अंगाच्या अळ्या सकाळी पानावर दिसतात. जरा धक्का लागला की अंगाचे वेटोळे करून मातीत पडतात आणि मेल्याचे सोंग घेतात. पतंगाची अळी असावी असे ठरवले. नाव ठरल्याशिवाय फवारायचे नाही हा नियम इथे मोडला, कारण बीटी या जिवाणूची भुकटी फक्त अळ्यांवर काम करते आणि बाकी किड्यांना अपाय करत नाही, म्हणून ती निर्धास्तपणे फवारली.

२५ डिसेंबर

सहा दिवस गेले, एकही अळी मेली नाही आणि वाफ्यातला अर्धा मुळा गेला. आज शेवटी एक अळी काचेवर उताणी ठेवून पाय मोजले, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

फुलपाखरे आणि पतंग यांच्या अळ्यांना छातीशी तीन जोड्या खरे पाय असतात आणि पोटाला मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या. या अळीच्या पोटाला आठ जोड्या निघाल्या. शिवाय फुलपाखराच्या अळीत खऱ्या पायांनंतर दोन वळ्या मोकळ्या असतात आणि मग मांसल पाय सुरू होतात. हिच्यात एकच वळी मोकळी आहे. डोक्याच्या प्रत्येक बाजूला भिंगातून एकच ठळक काळा डोळा दिसतो, तिथे फुलपाखराच्या अळीला बारीक डोळ्यांचा समूह असतो. ही सॉफ्लायची अळी आहे, म्हणजे मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्या गणातली. पतंगांच्या अळ्यांसाठीचे बीटी तिच्यावर चालत नाही.

यापुढे अळी दिसली की पहिली नोंद पायांची. पोटाला पाच किंवा कमी जोड्या असतील तर फुलपाखरू किंवा पतंग, सहा किंवा अधिक असतील तर सॉफ्लाय. पोटाला पाय नसून फक्त छातीशी सहा असतील तर बहुधा भुंगेरा किंवा क्रायसोपासारखा जाळीपंखी, आणि एकही पाय नसेल तर बहुतेक माशी. (सॉफ्लायच्या अळ्या सकाळी हाताने वेचल्या. दोन सकाळींत काम संपले. फवारणीची गरजच नव्हती.)

६ जानेवारी

सॉफ्लायच्या चार अळ्या पाळायला ठेवल्या होत्या. त्या पूर्ण वाढल्या, खाणे थांबवले, दोन दिवस बरणीच्या तळाशी येरझाऱ्या घातल्या आणि मेल्या. त्यांना कोष करायला माती लागते, आणि टिपकागदावर ती कुठून मिळणार? दुसऱ्या तुकडीसाठी बरणीत चार बोटे ओलसर, चाळलेली माती घातली. त्याच संध्याकाळी तिन्ही अळ्या आत शिरल्या. (२३ जानेवारीला दोन प्रौढ निघाले: नारिंगी अंग, काळे डोके, धुरकट पंखांच्या दोन जोड्या आणि गांधीलमाशीसारखी बारीक कंबर नाही.) खाणे थांबवून भटकणारी अळी दिसली की माती आणि एक उभी काडी दोन्ही द्यावीत, तिला काय हवे ते ती स्वतः निवडते.

११ जानेवारी

चवळीच्या माव्यात हिरवट, पारदर्शक, पाय नसलेली, पुढे निमुळती होत जाणारी एक अळी. हिला मी दोन आठवडे गोगलगायीचे पिल्लू समजत होतो. आज भिंगाखाली पंधरा मिनिटे पाहिले. ती शरीराचा पुढचा भाग उचलून आंधळ्यासारखा इकडेतिकडे हलवते, माव्याला स्पर्श होताच त्याला पकडून पानापासून वर उचलते आणि हवेत धरूनच शोषून घेते. माव्याचे पाय थोडा वेळ हलतात, मग रंग फिका पडतो आणि रिकामी कातडी ती बाजूला टाकते. पंधरा मिनिटांत तीन संपवले.

ही सिरफिड माशीची अळी. (बरणीत १५ तारखेला तिचा थेंबाच्या आकाराचा तपकिरी कोष झाला आणि २५ ला माशी निघाली.) गंमत अशी की प्रौढ माशी बडीशेपेच्या फुलांवर रोज दिसत होती आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे वहीत ती 'लहान गांधीलमाशी' म्हणून तीनदा नोंदली गेली होती. पंख एकाच जोडीचे, मिशा आखूड आणि फुलासमोर हवेत एका जागी स्थिर राहण्याची रीत, एवढे पाहिले की गांधीलमाशी बाद होते. त्या तिन्ही नोंदी खोडून दुरुस्त केल्या.

१७ जानेवारी

काही मावे फुगून वाटोळे, तांबूस आणि कागदासारखे कोरडे झाले आहेत. रोग समजून पान तोडणार होतो, परंतु नियम आठवला. वीस मावे असलेले पान बरणीत ठेवले आणि सुती कापड धुवायला टाकलेले असल्याने तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. (चार दिवसांनी चौदा माव्यांच्या पाठीला वाटोळी भोके होती आणि बरणी रिकामी होती; जे बाहेर आले ते जाळीतून निघून गेले. उरलेल्या सहांवर कापड बांधले तेव्हा दोन मिलिमीटरच्या, काळ्या, लांब मिशांच्या परोपजीवी माश्या मिळाल्या. माव्यात अंडे घालणाऱ्या याच. मच्छरदाणी यासाठी वापरू नये.)

२४ जानेवारी

प्रौढ आणि अळी दोन्हींची छायाचित्रे असलेल्या नऊ नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवल्या. तिथे ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोकांचे एकमत झाले की समूहाची ओळख ठरते. एकाच प्राण्याची अळी, कोष आणि प्रौढ अशी मालिका दिल्यावर उत्तरे लवकर आणि नेमकी मिळाली. नुसत्या अळीच्या जुन्या नोंदी अजून गणापाशीच अडकलेल्या आहेत. बाग घराचीच असल्याने नोंदीचे ठिकाण अस्पष्ट ठेवण्याची सोय तिथे आहे, ती वापरली.

लिंबाच्या पानांवर पक्ष्याची शीट वाटावी अशा अळ्या होत्या. त्यांतली एक हिरवी होऊन बरणीत आज कोषात गेली. हिरवी असताना डिवचले तर डोक्यामागून दोन फाट्यांचे नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो. लिंबू फुलपाखराच्या कुळाची, म्हणजे स्वॉलोटेल फुलपाखरांची, ही पक्की खूण आहे.

२५ जानेवारी

लिंबाच्याच खालच्या फांदीवर दुसरा कोष सापडला, कमरेला धाग्याचा पट्टा बांधलेला. फांदीसकट कापून बरणी क्रमांक ६ मध्ये ठेवला.

६ फेब्रुवारी

बरणीत वाढलेल्या अळीचे फुलपाखरू सकाळी साडेसातला निघाले. आदल्या रात्री कोषाच्या कवचातून पंखांची पिवळी-काळी नक्षी दिसत होती. बरणी ६ मधला कोष मात्र तसाच आहे, उलट तपकिरी होत चालला आहे आणि आत नक्षी दिसत नाही. मेला असावा असे वाटले, तरी ठेवला.

१४ फेब्रुवारी

बरणी ६ च्या कोषाला बाजूने टाचणीच्या डोक्याएवढे एक वाटोळे भोक पडले आहे आणि कापडाच्या आतल्या बाजूला बारीक माश्या गोळा झाल्या आहेत. कागदावर उतरवून मोजल्या: त्र्याहत्तर. एका कोषातून त्र्याहत्तर. प्रत्येक जेमतेम तीन मिलिमीटरची, अंगाला हिरवी धातूसारखी चमक. मिशा कोपरात वाकलेल्या आणि पंखांत शिरांचे जाळे नाही, पुढच्या कडेलगत एकच शीर. यावरून चाल्सिड गटातल्या परोपजीवी माश्या ठरल्या. आईने कोष नुकताच तयार झालेला, कवच मऊ असतानाच त्यात अंडी घातली असणार, म्हणजे मी तो कापून आणला त्याआधीच. बरणीत वाढलेल्या अळीपर्यंत ती पोचू शकली नाही, म्हणून तिचे फुलपाखरू झाले.

फुलपाखराची वाट पाहत होतो, त्यामुळे क्षणभर वाईट वाटले. मग भिंग घेऊन बसलो आणि तासभर उठलो नाही. दुपारी बरणी लिंबाखाली नेऊन कापड काढले. बहुतेक लगेच उडाल्या. दोन मात्र रिकाम्या कवचावरच फिरत होत्या, त्या संध्याकाळी गेल्या. कवच डबीत ठेवून वर चिठ्ठी लावली: लिंबू, खालची फांदी, २५ जानेवारी.